भिंतीतला चुना

"पाणी कमी झालंय," खाचेवर वाकून इंजिनिअर ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या.

धरणाच्या भिंतीच्या आतून आडवा गेलेला हा बोगदा, माणूस जेमतेम ताठ चालेल एवढा. भिंतीत मुरलेलं पाणी छतातल्या भोकांतून इथं उतरायचं, नालीतून वाहत शेवटच्या खाचेशी यायचं आणि तिथं मोजलं जायचं. दोन हजार पाचचा ऑगस्ट होता. डोंगराकडं पावसानं नुसता धिंगाणा घातला होता आणि तलाव काठोकाठ भरला होता.

"कमी झालं तर ब्येसच की म्याडम," चांगदेव म्हणाला. "भित घट्ट झाली म्हनायची."

"मामा, वर पाणी वाढतंय आणि इथं कमी येतंय. मग मधलं गेलं कुठं?"

उत्तर चांगदेवला ठाऊक होतं, तेच तर दुखणं होतं.

भोकांच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. सळईनं तो पाडायचा आणि भोक मोकळं ठेवायचं, हे चांगदेवचं काम. त्यात त्यानं कधी कुचराई केली नव्हती. अपवाद फक्त एका भोकाचा. बोगद्याच्या वळणापाशी त्या भोकातून पांढरी नळी लोंबत होती, मनगटाएवढी जाड, हातभर लांब. तिच्या बरोबर खाली जमिनीवर पालथ्या तांब्याएवढा पांढरा उंचवटा वर आला होता. तिथला दिवा चांगदेवनंच काढून ठेवला होता, कुणाची नजर जाऊ नये म्हणून.

भिंतीच्या पलीकडं, पाण्याच्या तळाशी, त्याचं गाव होतं. गावाची शेतं ती काळी आणि घरं असतात ती पांढरी. चांगदेवच्या घरच्यांना काळीत वीतभर तुकडा नव्हता. ज्यांची जमीन बुडाली त्यांना बदल्यात जमीन मिळाली. ज्यांना नव्हतीच, त्यांना कोण कशाला देतंय! पांढरीतलं दोन खणांचं घर तेवढं होतं, ते गेलं. "एकडाव पांढरीला पाय लावून येते रं," असं त्याची आई द्रौपदा अंथरुणाला खिळल्यावरही म्हणायची. तिला तो कुठं घेऊन जाणार होता? ती गेली तेव्हा तलाव असाच भरलेला होता.

त्यानंतर कधीतरी ही पांढरी नळी त्याच्या ध्यानात आली. पाणी गावावरून येतंय म्हणजे गावची मातीच घेऊन येतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. पंपावरचा सयाजी चिडवायचा, "चांगदेवा, तुजं गाव थेंबाथेंबानं यायला लागलंय बघ. आलं की आमाला जेवायला बोलाव." चांगदेव हसून घ्यायचा. पण सळई काही त्या भोकाला लागायची नाही.

मॅडम एकेका भोकाखाली बॅटरी धरत निघाल्या होत्या. आळे गावच्या शेतकऱ्याची ही पोर. चिखलाला न भिणारी, कामाला खमकी. चांगदेव मागून चालत होता. वळण जवळ आलं तसा तो पुढं सरसावला.

"म्याडम, फुडं लई निसरडं हाय. मी बघून येतो, तुमी हितंच थांबा."

"तुम्हाला निसरडं नाही का? चला."

दोनच पावलांनी त्या थबकल्या आणि भिंतीला तळहात लावला. भिंत ओली होती. कालपर्यंत इथं कोरडा ठणठणीत दगड होता. आता दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. चांगदेवनंही तळहात लावून पाहिलं. याच भिंतीच्या पायथ्याला वसाहत होती. तिथं त्याचा मुलगा, रत्नदीप, आत्ता दोन लेकरांना घेऊन जेवायला बसला असेल.

"इथला दिवा काय झाला?" मॅडमनी विचारलं.

"मीच काढलाय," चांगदेव म्हणाला. आता लपवण्यात काय राम होता?

बॅटरीचा झोत वर गेला. नळी ओलसर पांढरी चमकली. तिच्या टोकाला एकही थेंब नव्हता.

"मामा!" मॅडमचा आवाज चढला. "किती वर्षं नाही पाडलं हे? भोक पार बुजलंय. वाट मिळेना म्हणून पाणी सांध्यांत शिरतंय, कळतंय का तुम्हाला?"

"चुकलं म्याडम. पन ती आमच्या पांढरीची माती हाय. पल्याड गाव हाय माजं."

मॅडमना रागवायचं होतं, पण त्याच्या तोंडाकडं बघून त्यांचा सूर उतरला.

"माती नाही हो ही. चुना आहे. भिंत बांधताना दगडांमध्ये सिमेंटचा जो माल भरला ना, त्यातनं पाणी झिरपतं आणि चुना विरघळवून आणतं. इथं हवा लागली की तो घट्ट होतो. थेंब पडायच्या आधी कडेला बारीक कडं ठेवून जातो. कड्यावर कडं चढत नळी होते. थेंबात उरलेला चुना खाली पडतो आणि तिथनं वर वाढतो. चुनखडीच्या डोंगरात गुहा असतात, तिथं असेच खांब होतात, पण त्याला हजारो वर्षं लागतात. इथला माल अजून ताजा, म्हणून लवकर झालं."

"मंजी... गावाकडनं काय येत न्हाई?"

"पाणी येतं. पांढरं सगळं भिंतीतलं."

चांगदेवनं हात वर करून नळीला बोट लावलं.

"भितीतला माल आईनं वाह्यलाय म्याडम," तो म्हणाला. "गाव उठायच्या आदी हितंच कामाला व्हती ती. मालाची घमेली वाहून डोक्याला घट्टा पडलेला. सिमिटानं हात अशे फुटायचे की भाकर थापताना रडायची."

भिंतीवरचा ओघळ थांबत नव्हता.

"सयाजीला बोलावते," त्या हळू म्हणाल्या. "तो पाडेल. तुम्ही वर जा."

"नगं. त्याचा हात लागाया नगं."

त्यानं सळई उचलली. पहिला घाव जेमतेम टेकला. त्याला हुंदका आला, तो त्यानं आवरला नाही. दुसरा घाव त्यानं मुळाशी घातला. नळी कडकन तुटली आणि खालच्या उंचवट्यावर पडून तिचे तुकडे झाले. मग त्यानं सळई भोकात खुपसली. आतला गच्च थर हलेना. खांदा लावून त्यानं पुन्हा पुन्हा ढोसलं, दम लागला तरी थांबला नाही.

"बाजूला व्हा मामा!"

पाणी सुटलं. दुधासारखं गढूळ, मनगटाएवढी जाड धार त्याच्या छातीवर आदळली. तो भिंतीला टेकला, पण सळई सोडली नाही. धार निवळ होईपर्यंत भोक ढवळत राहायचं असतं, तसं तो ढवळत राहिला.

बऱ्याच वेळानं भिंतीवरचा ओघळ बारीक झाला. नाली भरून वाहू लागली होती. मॅडमनी भिंतीवर पुन्हा तळहात ठेवला आणि सुस्कारा सोडला.

"मला हे वर कळवावं लागेल, मामा."

"कळवा की. खोटं न्हाई त्यात."

नालीत वाहून चाललेला एक तुकडा मॅडमनी उचलला आणि त्याच्यापुढं धरला. चांगदेवनं तो घेतला, अंगठ्यानं पुसला.

"म्याडम, एवढा चुना भितीतनं भायेर आला. त्यो परत घालता येतो का?"

"नाही, मामा."

त्यानं मान हलवली. तुकडा वाकून वाहत्या पाण्यात सोडला, सळई खांद्यावर घेतली आणि तो पुढच्या भोकाकडं निघाला.

"बॅटरी दावा म्याडम," तो म्हणाला. "फुडं अंदार हाय."