कापराच्या लाकडाचा डबा

वर्षअखेरच्या सुट्ट्यांत एकमेकांना काय द्यायचं, याचा त्या घरात कुणी फार विचार करत नसे. सगळं घर कॉफीवेडं. काहीतरी कॉफीचं आणलं की काम झालं. दादासाठी गरम राहणारा स्टीलचा पेला आणि अप्पांसाठी जाड कानाचा मोठा कप रंधानं एका दुपारी, एकाच दुकानातून उचलला. वहिनीच्या भेटीला मात्र तिला अख्खं वर्ष लागलं. कारण ती भेट नव्हतीच, परतफेड होती.

रंधा हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ती सुतारकाम करायची, स्वतःचं वर्कशॉप होतं, हाताखाली दोन कारागीर होते आणि जिभेला धार होती. ही लाकडापेक्षा माणसंच जास्त तासते, असं अप्पा एकदा म्हणाले आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. खुद्द तिलाही ते आवडायचं.

आता ती परतफेड कशाची, ते सांगायला हवं. आई गेली तेव्हा तिच्या वस्तूंतलं रंधानं एकच मागितलं होतं, तिचं कॉफी दळायचं यंत्र. ओतीव लोखंडाचं, टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, हातानं फिरवायचं. रोज सकाळी आई आतल्या खोलीत जाऊन यायची, मूठभर बिया त्याच्या तोंडात टाकायची आणि घरर् घरर् सुरू व्हायचं. त्या आवाजानं घर जागं होई. दोन्ही मुलांनी आळीपाळीनं तो दांडा फिरवलेला, आणि कॉफी उतरेपर्यंत अप्पा टेबलाशी मांडी ठोकून बसलेले. यंत्र मागितलं तेव्हा वहिनी म्हणाली, असू दे थोडे दिवस इथंच, अप्पांना बरं वाटेल. रंधाला ते पटलं, आणि तिथंच ती फसली.

मागच्या सुट्टीत वहिनीनं सगळ्यांसमोर तिच्या हातात एक जडशीळ खोकं ठेवलं. आत आईचं यंत्र होतं. म्हणजे त्याचा सांगाडा. पोटातले दळायचे दात काढून टाकलेले, तळाला भोक पाडून वायर ओवलेली, वर बल्ब आणि त्यावर पिवळी टोपी. टेबलावरचा दिवा केला होता त्याचा. “तुम्हाला हवं होतं ना, वन्सं?” वहिनी गोड हसून म्हणाली. दादानं टाळ्या वाजवल्या, कारण दादा कशालाही टाळ्या वाजवतो. अप्पा दिव्याकडे बघत राहिले आणि मग उठून आपल्या खोलीत गेले. रंधानं ‘छान आहे’ म्हटलं. ते दोन शब्द तिच्या घशात वर्षभर अडकून होते.

त्यानंतर अप्पांचं कॉफीवरून मन उडालं. आधीच आई गेल्यापासून ते कप अर्धा टाकायचे, आता नकोच म्हणू लागले. कशातच चव नाही म्हणायचे, गरम पाणी प्यायचे. आणि वहिनी कोण? एका मोठ्या कॉफी कंपनीत कॉफी चाखायची नोकरी करणारी. दिवसभर चमच्यानं सुर्रकन् घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि निकाल द्यायचा. तिच्या घरात अत्तर चालत नसे, अगरबत्ती चालत नसे, कांदा चिरायचा तर दार लावून. एवढं नाक असलेल्या बाईनं नाना देशांच्या बिया आणून अप्पांपुढे कप मांडले, पण म्हाताऱ्यानं एकालाही दाद दिली नाही. रंधाला त्याचा आसुरी आनंद व्हायचा, तो ती लपवतही नसे.

पण तेवढ्यानं तिचं पोट भरणार नव्हतं. दर वर्षी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी वहिनीचे साहेब आणि ऑफिसातले दोघेतिघे तिच्याकडे कॉफीला यायचे. यंदा मुख्य चाखणाऱ्याची जागा रिकामी होती आणि ती वहिनीला मिळणार असं दादा ज्याला त्याला सांगत सुटला होता. रंधानं ते ऐकलं आणि तिला भेट सुचली.

आईची लोकरीचे कपडे ठेवायची पेटी कापराच्या झाडाच्या लाकडाची होती. त्या लाकडाच्या वासानं कसर फिरकत नाही. आई गेल्यावर पेटीचा तळ कुजला तेव्हा रंधानं ती मोडून फळ्या वर्कशॉपात ठेवून दिल्या होत्या. आता तिनं त्या काढल्या. एकीवर रंधा फिरवला आणि अख्ख्या वर्कशॉपात आईची पेटी उघडल्यासारखं झालं. क्षणभर तिचा हात थांबला. मग तिला तो पिवळ्या टोपीचा दिवा आठवला आणि हात पुन्हा चालू लागला. आईच्या वस्तूचं वाटोळं केलंस ना, मग आईच्याच वस्तूनं तुझं करते.

डबा तिनं दुहेरी केला. बाहेरून शिसवी, आरशासारखा घोटलेला. आतून कापराच्या लाकडाचं अस्तर, आणि त्यावर लाखेच्या पॉलिशचा एकच पातळ हात, म्हणजे नव्या डब्याचा वास घेतला तरी काही कळू नये. पण शेगडीजवळ ऊब लागली की लाख मऊ होऊन वास बाहेर सोडणार, आणि मग आतल्या बिया तो वास पिऊन टाकणार. कॉफीची बी वासाच्या बाबतीत भारी लोचट असते, जे शेजारी असेल ते अंगाला लावून घेते. झाकण इतकं नेमकं बसलं की उघडताना पॉक् असा आवाज यायचा. तिच्या हातून त्याहून सुबक काम कधी झालं नव्हतं, आणि याची तिला जराही लाज वाटली नाही.

भेटी वाटल्या त्या दिवशी वहिनीनं डबा उघडला, नाक आत घातलं, डोळे मिटले. वहिनीनं डोळे उघडले, म्हणाली, फारच सुरेख आहे, आणि साहेबांसाठी राखून ठेवलेल्या महागड्या बियांचं एकुलतं एक पाकीट तिथल्या तिथे त्यात रिकामं केलं. डबा जिथं सगळ्यांच्या नजरेत भरेल तिथं ठेवला, म्हणजे शेगडीच्या वरच्या फळीवर. रंधानं ती जागा स्वतः निवडली असती तरी याहून चांगली निवडता आली नसती.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी रंधा लवकरच आली. ठेवणीतले कपडे घातले होते. बैठकीच्या खोलीत अशी खुर्ची पकडली की तिथून स्वयंपाकघरातला ओटाही दिसावा आणि साहेबांचं तोंडही. साहेब बारीक अंगाचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. दादानं त्यांच्यापुढे डब्याचं कौतुक सुरू केलं आणि रंधा विनयानं मान खाली घालून बसली.

आत पॉक् असा आवाज झाला. वहिनीनं बिया विजेच्या यंत्रात टाकल्या, दळल्या, झाकण काढलं. आणि ती जागच्या जागी थांबली. तेवढ्यात अप्पांच्या खोलीचं दार उघडलं आणि ते भिंतीला धरून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. काहीतरी बोलले, ते रंधाला ऐकू आलं नाही. वहिनी त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं पाणी ओतलं.

कप आले. साहेबांनी एक घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. लोकरीच्या कपड्यांची ट्रंक उघडल्यासारखं वाटतं, असं ते हळूच म्हणाले. ऑफिसातला एक तरुण रुमालात खोकला. दुसऱ्यानं कप दूर सारला. दादाचा टाळ्यांसाठी उचललेला हात तसाच राहिला. रंधाच्या छातीत उकळी फुटली. वर्षभराचा राग एका घोटात वसूल झाला होता, आणि तिला वाटलं, उठून नाचावं.

“ही कॉफी,” अप्पा म्हणाले.

ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, नवा मोठा कप दोन्ही हातांत. कप रिकामा होता. त्यांनी तो वहिनीपुढे धरला आणि अजून मागितली. मग साहेबांकडे वळून, जुनी ओळख असल्यासारखं, सांगू लागले. आमच्या घरी पाहुणे फार यायचे. कॉफी हां हां म्हणता संपायची. म्हणून ही, मुलांची आई, आपल्या पेटीत, शालींच्या तळाशी, बियांची पिशवी लपवायची. रोज सकाळी आत जाऊन मूठभर काढून आणायची. “माझ्या लग्नापासूनची चव आहे ही. मला वाटलं, तिच्याबरोबर गेली. फक्त दळायचा आवाज तेवढा नाही.”

रंधाला आतल्या खोलीत जाऊन येणारी आई दिसली. तिला कायम वाटायचं, आई किल्ल्या आणायला जाते.

रंधा स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्याला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिनं खालचा खण ओढला आणि एक फडकं उलगडून दाखवलं. आत लोखंडाचे दात होते, आईच्या यंत्राचे, तेल लावून ठेवलेले.

“फेकले नव्हते,” ती म्हणाली. “दिवा मात्र मुद्दाम केला. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत तुम्ही पंधरा माणसांत माझ्या कॉफीला दवाखान्यातली कॉफी म्हणालात. सगळे हसले. तुम्हाला आठवतही नसेल.”

रंधाला खरोखरच आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हटलं असणार, याबद्दल तिला शंकाही नव्हती.

“हे हवे असतील,” वहिनीनं फडकं पुन्हा गुंडाळलं, “तर बाहेर जाऊन साहेबांना सांगा, डब्यात काय होतं ते.”

रंधाच्या मनात आलं, गेले खड्ड्यात ते दात. हिच्यापुढे नाक घासण्यापेक्षा दिवा बरा. बाहेर अप्पा तिसरा कप मागत होते. हसत मागत होते. त्यांचं हसू ऐकून किती दिवस झाले, हे ती आठवू लागली आणि तिला आठवेना.

साहेब दाराशी बुटांचे बंद बांधत होते. रंधा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं ओकली: लाकूड, लाखेचा पातळ हात, शेगडीची ऊब, हिची फजिती व्हावी म्हणून. दादा तोंड उघडं टाकून ऐकत होता. साहेबांनी दुसरा बंद बांधून पूर्ण केला आणि वहिनीला विचारलं, “आणि तुझ्या नाकाला हे कळलं नाही?”

“दळतानाच कळलं.”

“मग पाजलीस कशाला?”

“सासरे दारात उभे होते. म्हणाले, ही आली का? मग मला ती ओतून टाकता येईना.”

साहेब बैठकीच्या खोलीत परत गेले, टाकलेला कप उचलला, गार झालेली कॉफी उभ्यानंच संपवली आणि निघाले. त्या जागेचं काय होणार, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि वहिनीनंही विचारलं नाही. तिनं फडकं रंधाच्या हातावर जरा जोरातच आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंधा यंत्र घेऊन आली. बल्ब, वायर, पिवळी टोपी सगळं उपटून टाकलं होतं. तळाच्या भोकात तिनं पेटीच्याच लाकडाची खुंटी ठोकली होती. टेबलाच्या कडेला स्क्रू आवळला, दात बसवले, डब्यातल्या बिया टाकल्या आणि दांडा फिरवला. घरर् घरर्. अप्पा केस न विंचरताच बाहेर आले आणि टेबलाशी मांडी ठोकून बसले.

वहिनीनं तिघांचे कप भरले. रंधानं मोठ्या श्रद्धेनं पहिला घोट घेतला आणि तिचा चेहरा आंबला. कॉफी भयंकर होती. जुन्या शालीचा पदर चघळावा तशी. तिनं दुसरा घोट घेऊन बघितला. यंत्र तेच, आवाज तोच, वास तोच. म्हणजे आई आयुष्यभर त्यांना हेच पाजत होती, आणि ज्या चवीच्या जिवावर रंधानं वहिनीच्या कॉफीला नावं ठेवली होती, ती ही चव होती.

वहिनी तिच्याकडेच बघत होती.

“कशी झालीय, सूनबाई?” अप्पांनी विचारलं.

कॉफीच्या बाबतीत वहिनी कधी कुणाशी खोटं बोलली नव्हती, नवऱ्याशी नाही आणि साहेबांशीही नाही. तिनं घोट गिळला. “छान झालीय, अप्पा. आता रोज अशीच करीन.”

हेच ‘छान’ ऐकायचं होतं रंधाला वर्षभर. वहिनीच्या गळ्याखालून तो घोट उतरताना बघून तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. तेवढ्यात वहिनीनं किटली उचलली.

“वन्सं, तुमचा कप रिकामा होत आला,” ती म्हणाली. “आईंच्या हातची चव आहे. लाजू नका.” आणि अप्पा कौतुकानं बघत असताना तिनं तो कप काठोकाठ भरला.