घाऊक क्षमा

लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, सकाळी क्षमा मागण्याची जी रीत जावा बेटावरच्या क्लातेनमध्ये पिढ्यानपिढ्या चालत आली होती, तिच्यात एक मूलभूत दोष आहे, ही गोष्ट निवृत्त मुख्याध्यापक पाक दार्सोनो यांच्या ध्यानात वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी आली. मशिदीतून आल्यावर वडीलधाऱ्यांनी खुर्चीत बसावे, धाकट्यांनी गुडघ्यांवर सरकत जाऊन त्यांच्या मांडीवर माथा टेकावा, ‘आतले-बाहेरचे सारे अपराध पोटात घाला’ म्हणावे, आणि वडीलधाऱ्यांनी ‘घातले’ म्हणत पाठीवरून हात फिरवावा. दीड मिनिटात वर्षाचा निकाल! अपराध कोणता, कधीचा, याची विचारपूसच नाही. “हा घाऊक व्यवहार झाला,” ते म्हणत. “पोत्यात काय आहे ते न पाहताच पोतं पोटात घालायचं!”

ही जाण त्यांना आपोआप आलेली नव्हती. वॉर्डाच्या सभागृहात निवृत्तांसाठी ‘मनाचे आरोग्य’ या विषयावर सहा वर्ग झाले होते. त्या सहाही वर्गांत पाक दार्सोनोंनी शिकवणाऱ्या तरुणीचे म्हणणे खोडून काढले होते, आणि शेवटी तिने सुटकेचा निःश्वास न लपवता दिलेले सर्टिफिकेट लग्नाच्या फोटोशेजारी टांगले होते. त्या वर्गांचे सार म्हणून त्यांनी वळणदार अक्षरात तीन नियम लिहून भिंतीवर लावले. एक : मोघम बोलू नये, ‘जेव्हा तुम्ही अमुक केलंत, तेव्हा मला तमुक वाटलं’ असेच म्हणावे. दोन : ऐकणाऱ्याने मध्ये बोलू नये, स्वतःची बाजू मांडू नये. तीन : जे ऐकले ते ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगावे.

या साऱ्या खटाटोपाचे खरे कारण मात्र भिंतीवर कोठेही लिहिलेले नव्हते. सेमारांगला परिचारिका असलेली त्यांची मुलगी लारास दोन वर्षे सणाला घरी आली नव्हती, आणि यंदा येणार होती. तिने आपली चूक नेमकेपणाने कबूल करावी आणि आपण तितक्याच नेमकेपणाने तिला क्षमा करावी, अशी त्यांची मनोमन इच्छा होती. क्षमेचे चार परिच्छेदांचे भाषण दोनदा सुधारून खिशात ठेवलेले होते.

लारास पहाटेच्या बसने आली. थोड्या वेळाने सुमियाती, त्यांची पत्नी, स्वयंपाकघरातून डोकावली.

“पाक, पोरीची बॅग पाहिलीत? दाराशीच आहे अजून. आत नेते म्हटलं, तर म्हणाली, ‘राहू दे, इबू. बघू.’ चारला परतीची बस असते. तेव्हा ते तुमचे नियम आज जरा...”

“नियम तिच्यासाठीच केलेत.”

“तीच तर भीती आहे मला.”

रिवाजाप्रमाणे पहिला मान पत्नीचा. पण सुमियातीने हात झटकले. “माझी यादी एकोणचाळीस वर्षांची आहे. कोंबडीचा रस्सा करपेल. मला शेवटी ठेवा.”

मग मुलगा बागास सरकत आला. जन्मात कोणाला ‘नाही’ न म्हटलेला हा मनुष्य सरकारी कचेरीत सर्वांचा लाडका होता. “जेव्हा तुम्ही हे नियम लावलेत, बापाक, तेव्हा मला... आनंद वाटला.”

“अपराध सांग.”

“जितका वाटायला हवा तितका वाटला नाही. हाच अपराध.”

तो तत्काळ माफ झाला.

लारास आली. तिने वडिलांच्या गुडघ्यांवर हात ठेवले, माथा मात्र टेकला नाही.

“नियमाप्रमाणे बोलू?”

“नियमाप्रमाणेच बोल, नदुक.” लाडक्या लेकीला मारायची ही हाक त्यांच्या तोंडून दोन वर्षांनी निघाली होती.

“घटस्फोट झाला तेव्हा मी फोन केला होता. म्हटलं, लेबारानला घरी येते. जेव्हा तुम्ही म्हणालात, ‘पाचव्या दिवशी ये, पाहुणे ओसरल्यावर,’ तेव्हा मला वाटलं, मी म्हणजे घरातलं फुटकं भांडं. माणसं यायच्या आत पलंगाखाली सरकवायचं.”

पाक दार्सोनोंकडे उत्तरांचा तुटवडा कधीच नसे. ते तुझ्याच भल्यासाठी होते, लोकांची तोंडे धरता येत नाहीत, सूचनेतला ‘ये’ हा शब्द तू सोयीस्करपणे विसरतेस – सारी उत्तरे एकदम ओठांशी आली. त्यांनी तोंड उघडले.

“बापाक,” बागास चाचरत म्हणाला, “नियम दोन.”

तोंड मिटले. उरला नियम तीन.

“म्हणजे तुला असं वाटलं, की वेळेच्या सोयीसाठी मी...”

“नाही.”

“म्हणजे, की लोकांच्या स्वभावाचा विचार करता...”

“नाही, बापाक. परत सांगू का?”

तिची नजर दाराकडे, बॅगेकडे गेली. आणि नेमक्या त्याच दारातून शेजारच्या बू हार्सिनी बिस्किटांचा डबा घेऊन आत आल्या. त्या डब्यात बिस्किटे नसून शेंगदाण्याच्या पापड्या असतात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते, तरी दरवर्षी सारे ‘बिस्किटं कशाला आणलीत!’ असे म्हणत.

“अगंबाई, लारास! आलीस का गं? आणि जावईबापू? अजून कालिमंतानातच? मेली कसली ही बदली!”

त्या काल्पनिक बदलीचा हुकूम पाक दार्सोनोंनीच काढला होता. ‘कामाचा फार ताण आहे हो,’ हे नेहमीचे उत्तर त्यांच्या जिभेवर आलेही. पण गुडघ्यांवरचे दोन हात सैल होऊन मागे सरकू लागल्याचे त्यांना जाणवले. त्यांनी ते धरले.

“कालिमंतानात कोणी नाही, बू हार्सिनी. लारासचा घटस्फोट झालाय. दोन वर्षं झाली.” मग ते मुलीकडे वळले. आवाज मुख्याध्यापकाचा राहिला नव्हता. “म्हणजे तुला असं वाटलं, की तुझ्या बापाला तुझी लाज वाटते. तुला... बरोबर वाटलं.”

बू हार्सिनींनी खुर्ची ओढली, डबा उघडला.

“ठाऊक आहे की. त्याच वर्षी कळलं सगळ्या गल्लीला.”

“मग दरवर्षी जावयाची चौकशी?”

“विचारलं नसतं, तर आम्हाला कळलंय हे तुम्हाला कळलं नसतं का? तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून विचारत होतो. आमच्या ह्यांनी तर कालिमंतानात पाऊस किती पडतो तेही वाचून ठेवलं होतं. तुम्ही कधी विषय वाढवलात, तर उपयोगी पडावं म्हणून.”

लारासचा माथा वडिलांच्या मांडीवर टेकला. तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे, हे त्यांना कळेना, आणि या एका बाबतीत त्यांनी मत बनवण्याची घाई केली नाही. खिशातले भाषण क्षमा करण्याचे होते. मागण्याची सोय त्यात नव्हती.

“मला क्षमा कर, नदुक. घाऊक नको. त्या एका फोनची.”

“त्या फोनची केली,” ती मान वर न करता म्हणाली. “बाकीचं बघू.”

“बस चारची आहे ना?”

“चारची आहे. उद्याही असते.”

बागासने निमूटपणे बॅग उचलली आणि, कोणाची परवानगी न घेता, आत नेली.

सुमियाती फडक्याला हात पुसत बाहेर आली. गुडघ्यांवर बसण्याऐवजी तिने एक खुर्ची ओढून नवऱ्याच्या अगदी समोर मांडली.

“रस्सा उतरवलाय. बू हार्सिनी, जाऊ नका, बसा. आता माझा नंबर.”

एका बैठकीत ऐकणाऱ्याने जास्तीत जास्त किती वेळ ऐकावे, याविषयी काही मर्यादा लिहिली आहे का, हे पाहण्यासाठी पाक दार्सोनोंनी भिंतीकडे नजर टाकली. लिहिलेली नव्हती.