भिंतीवरची बा

"समोर सोफा. डावीकडे दार," फोन म्हणाला आणि पारुल सोफ्याला वळसा घालून पुढे सरकली. मेहुलभाईचा सुरतेतला हा नवा फ्लॅट ती आज पहिल्यांदाच बघत होती. बघत होती म्हणजे फोनचा कॅमेरा सांगेल तेवढा; तिला स्वतःला दिसत नव्हतं. भाई सोफ्यावर होता, भाभी स्वयंपाकघरात थेपले लाटत होती.

भावनगरच्या दवाखान्यात मालीश-व्यायामाची नोकरी लागल्यापासून चार महिने पारुल बाच्या, आपल्या आईच्या, आवाजासाठी आसुसली होती. फोन केला की भाई म्हणायचा, बाला ऐकू येत नाही, फोनवर ती चिडते. म्हणून आज न कळवता ती येऊन थडकली, तर म्हणे बा शेजारणींबरोबर हरिद्वारला गेली.

पाण्याचा माठ शोधायला तिने फोन फिरवला.

"भिंतीवर वृद्ध स्त्रीचा फोटो. जाड चष्मा. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. फोटोला चंदनाचा हार."

बाच्या हनुवटीवर असे तीन ठिपके आहेत, हे पारुल लहानपणापासून ऐकून होती. यंत्रच ते, काहीही बरळतं, असं स्वतःला समजावत तिने फोन पुन्हा धरला. तो पुन्हा तेच बोलला. स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं.

"कधी गेली, भाई?"

"होळीच्या आधी," मेहुल शेवटी म्हणाला. "तुझी नोकरी नवी होती गं. तिथे एकटी कशी सोसशील, म्हणून नाही सांगितलं. नंतर मग जीभच रेटेना."

भाभी रडायला लागली. पारुलने खालून फोन केल्याबरोबर तिने आपल्या पोरींना शेजारी धाडलं होतं, शेजारणीलाही गप्प राहायला बजावलं होतं.

"एवढ्या जणांची तोंडं बंद केलीत," पारुल म्हणाली, "आणि फोटो तेवढा राहू दिलात."

फोटो बघणार कोण होतं, हे बोलून दाखवायची गरजच नव्हती. पारुलला तेच जिव्हारी लागलं. बाच्या तेराव्याला आपण कुणाचा तरी गुडघा चोळत, हसत गप्पा मारत असू, हे तिच्या मनातून जाईना.

"मला आंघोळ करायचीय."

"पाणी तापवते," म्हणत भाभीने तिचा हात धरला. पारुलने तो सोडवून घेतला. फोन पुढे धरून ती एकटीच चालत गेली आणि आतून कडी लावली. कपडे न उतरवताच तिने डोक्यावर सुतकाच्या आंघोळीचा पहिला गार तांब्या ओतला, चार महिने उशिरा.