ईस्टरच्या सकाळचं पाणी

सदर वस्तीतल्या कॅथलिक देवळाची घंटा ऐकू आली आणि प्रेमिलाने पदर डोक्यावर ओढला. लग्नानंतरचा तिचा हा पहिला ईस्टर. माहेर स्कॉच मिशनमधलं, म्हणजे प्रोटेस्टंट, बाप उमरेडचा नत्थूजी विणकर; सासर कॅथलिक. फादरांनी लग्न लावून दिलं, पण वेदीसमोर नाही, आतल्या खोलीत. वर बजावलं होतं, "आमच्या पंथात येशील तेव्हाच कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढे यायचं. तोवर बाकावर बसून राहा."

एरवीच्या रविवारी निभून जाई. तिच्यासारखे आणखीही बसलेले असत. ईस्टरला मात्र झाडून सगळे उठत. रिकाम्या बाकांत आज ती एकटी दिसणार होती.

नवरा, श्रीधर, रेल्वेच्या ड्यूटीवर इटारसीला. सोबत फक्त सासू. जनाबाई कमी बोलणारी. चार महिन्यांत सुनेशी तिचं कामापुरतंच बोलणं झालेलं.

गुपचूप पुढे जाऊन बायकांच्या ओळीत गुडघे टेकावेत, असंही प्रेमिलाच्या मनात येऊन गेलं. पण फादर चेहरे ओळखत. सगळ्यांना देत देत आले आणि आपल्याला ओलांडून गेले तर?

ओलांडून जाणं तिला ठाऊक होतं. नत्थूजींनी बाप्तिस्मा घेतला त्या साली हिंदूच राहिलेल्या भाऊबंदांत लग्न होतं. लहानगी प्रेमिला बापाला खेटून पंगतीत बसली होती. वाढपी भात घेऊन आला, शेजारच्या पत्रावळीवर वाढला, आणि या दोघांच्या पत्रावळी सोडून पुढे गेला. सगळे नुसते बघत राहिले. बापाने तिला उचललं आणि तो पंगतीतून निघून आला.

देवळाच्या आवारात कुसुमावती भेटली. शेजारीण, जिभेची तिखट. "काय जनाबाई, सून आज तरी पुढे येते, का बाकच राखते?"

दोघी-तिघी हसल्या. जनाबाई सरळ कडुनिंबाखालच्या रांजणाकडे गेली, गडू भरला आणि घटाघटा पाणी प्यायली.

प्रेमिला तिच्यामागे धावली. कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही, एवढं तिला आता कळलं होतं. "आई, तुमचा उपास..."

"मले तहान लागली."

उन्हं अजून चढलीही नव्हती. आता सगळा दोष आपल्यावर येणार. परक्या पंथाची सून आणली आणि ऐन सणाला सासूचा उपास मोडला म्हणतील. श्रीधर आल्यावर त्याला काय सांगायचं? उमरेडला परत पाठवलं तर?

मिस्साची उपासना सुरू झाली. लॅटिन तिला कळत नव्हतं. कम्युनियनची घंटी कधी वाजते एवढंच ती ऐकत होती. वाजली. बाकं करकरली, लुगडी सळसळली, पावलं पुढे निघाली. तिने डोळे घट्ट मिटले आणि सासू उठायची वाट बघत राहिली.

शेजारी काहीच हललं नाही.

तिने डोळे उघडले. जनाबाई बसून होती. ओळीतल्या बायका मान वळवून दोघींकडे बघत होत्या. कुसुमावती हात जोडून परतली आणि बाकापाशी थबकली. "काहून वं, ईस्टरच्या दिवशी बसून राहिली?"

"पाणी पिली ना मी. पाहिलं नाही का तू?"

कुसुमावती पुढे गेली. प्रेमिला कशीबशी पुटपुटली, "आई, मुद्दाम...?"

"मी येत्या रविवारी घेईन. आज तुले एकटीले कशी टाकू? सारे पाहून राहिले."

"फादर विचारतील."

"विचारतीलच." जनाबाईने समोर बघतच सुनेचा हात धरला. सासूचा हात गार पडला होता. म्हातारीने आजवर एकही ईस्टर असा बसून काढला नव्हता.

शेवटची बाई वेदीपुढच्या कठड्यापासून उठली. फादरांनी वळून बाकांवरून नजर फिरवली आणि ती या दोघींवर येऊन थांबली. प्रेमिलाने मान खाली घातली नाही. सासूची बोटं तिच्या बोटांभोवती आणखी आवळली.