महेंद्रचा ब्रेक

माझा भाचा महेंद्र कुरकुंभच्या कंपनीला माणसं पुरवतो. सायकलचा ब्रेक मला ठाऊक होता, चहाचा ब्रेकही कळला. पण काही महिन्यांनी नोकरीत कायम करायची वेळ आली की माणसाला घरी बसवायचं आन् मग नवा म्हणून घ्यायचं, त्यालाही ब्रेकच म्हणतात, हे त्यानं माझ्या लेकाला घरी बसवलं तवा समजलं.

काल तोच माझ्या नातीला, गौतमीला, आपल्या पोरासाठी मागायला आला.

"आत्या, पोरीला राणीसारखी ठिवीन."

"किती महिनं?"

"आत्या, त्यो कंपनीचा नियम हाय. माझ्या हातात न्हाई."

"माझी नात माझ्या हातात हाय. ऊठ."

त्यानं आणलेला मिठाईचा पुडा त्याच्याच मांडीवर ठेवला आन् गौतमीला दार लावायला सांगितलं.