इशाऱ्यात गावाचे नाव आले नाही

मित्रांनो, मी अकरा ओळींची एक जुनी शेल स्क्रिप्ट आहे, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची छोटी यादी. तैवानच्या पूर्व किनाऱ्यावर, डोंगराला टेकलेल्या एका सरकारी कचेरीत कू युएचिनबाईंनी मला लिहिले. दरड कोसळण्याचा धोका दिसला, की ठरलेल्या मजकुरात त्या त्या गावाचे नाव घालून मुखियाला संदेश धाडायचा, एवढेच माझे काम. नाव एका 'चल'मध्ये असे; चल म्हणजे नाव ठेवायची डबीच. शब्द बदलणारी माझी आज्ञा बाईंनी दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिली होती, कारण तिथे डबी उघडते आणि आतले नाव बाहेर येते. एकेरी चिन्हांत ती बंदच राहते आणि डबीवरची चिठ्ठीच तेवढी छापली जाते.

नऊ वर्षे वादळे आली, लोक वेळेवर निघाले. माझे कौतुक झाले, मग विसर पडला.

पुढे नव्याने आलेल्या चुआंग साहेबांनी मला नीटनेटके करताना ती चिन्हे एकेरी केली. चालवून काही पाहिले नाही. माझ्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या शेलनेही तक्रार केली नाही. त्याच्या लेखी ती चूकच नव्हती.

ऑगस्टमधल्या एका दुपारी डोंगर सुटू लागला. मी संदेश धाडले. गावाच्या नावाच्या जागी नुसती डबीवरची चिठ्ठी: डॉलरचे चिन्ह आणि त्याला चिकटलेली चार रोमन अक्षरे!

बसिकान गावच्या मुखिया राबायआजींचा फोन आला. "अगं युएचिन, हे डॉलर-बिलर काय पाठवलंयस? निघायचं कुणी?"

"तुम्हीच, आजी! सगळ्यांना घेऊन शाळेत जा. आत्ताच्या आत्ता!"

"मग नाव लिहायला हात दुखतो का तुझा?" आजींनी फोन आपटला. बसिकान वाचले.

बाईंनी लगेच स्केलू गावाला फोन लावला. तिथला मुखिया म्हणाला, "आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणाचा चुकून आलाय." वीस मिनिटे तशीच गेली होती. गाव निघाले, पण ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या युदावआजोबांना आणायला माणसे पोहोचण्याआधी दरड पोहोचली.

"बाई, माझ्या हातून झालं," चुआंग साहेब म्हणाले.

"मीही तपासलं नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी चिन्हे पुन्हा दुहेरी केली. मग एकेका गावासाठी मला चालवून संदेश स्वतःच्याच फोनवर घेतले. चुआंग साहेब मोठ्याने नावे वाचत होते. स्केलूचे नाव त्यांनी दोनदा वाचले.

मित्रांनो, माझ्यासारखीला जरूर सुधारा; पण नंतर एकदा चालवा आणि बाहेर आलेला मजकूर डोळ्यांनी वाचा. मला ओरडता येत नाही. हाती येईल ते मी पुढे धाडते, आणि पलीकडे कोणीतरी ते वाचून घर सोडायचे की नाही हे ठरवत असते.