दोनदा सुलटी केलेली मोटर

मी एक जुनी मोटर आहे, मित्रांनो. आंब्याच्या कोयीएवढीही नाही, पण विमान उडवते. खेळण्यातलं का असेना. दूरच्या एका कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची तार गुंडाळली आणि तीन तारा बाहेर सोडल्या. पहिली वर्षं नागपूरच्या एका पोराच्या विमानात मजेत गेली. मग ते विमान कडुनिंबावर आपटलं, आणि मी त्याच्या मामांकडे, हरिभाऊंकडे, सिंदी मेघे गावी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात येऊन पडले.

तिथून मला त्यांच्या लेकीने, लीनाने, काढलं. नव्या कूलरच्या खोक्यातल्या थर्माकोलचं विमान केलं आणि मला त्याच्या नाकावर बसवलं. तिची आई नमिताबाई म्हणाली, "रविवारी उडालं त ठीक. नाई त हे सारं भंगारवाल्याले!"

'सारं'मध्ये मीही आलेच.

शनिवारी लीनाने आधी माझा पंखा काढला. शहाणी पोर, अशाने बोटं वाचतात. मग मला फिरवलं आणि ओरडली, "बाबा, मोटर उलटी फिरून राह्यली!" हरिभाऊ आंघोळीला गेलेले. तिने स्वतःच तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. झाले मी सुलटी! पंखा बसवून ती शिकवणीला गेली.

लेकीची ओरड आतून ऐकलेले हरिभाऊ बाहेर आले. लेक खूश होईल म्हणून त्यांनी गुपचूप दोन तारा बदलल्या. मला बोलता येत असतं तर!

रविवारी नालवाडीच्या मैदानात लीनाने रिमोटची काडी पुढे ढकलली. विमान मागे मागे सरकत नमिताबाईच्या चपलेला टेकलं.

"काऊन गं, हे विमान आहे का रिव्हर्समधला ऑटो?"

"मी त कालच तारा बदलवल्या!" लीना रडकुंडीला आली.

"मीबी बदलवल्या," हरिभाऊ हळूच म्हणाले.

नमिताबाई हसत खालीच बसली. "उन्हाळ्यात दोघांनीबी न विचारता कूलर भरला, हॉलमंधी पूर आणला. तेच हे!"

या वेळी तारा एकट्या लीनाने बदलल्या. हरिभाऊंनी हात मागे बांधले. आणि मी उडाले! उतरताना शेजारच्या शेतातल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, घुसले, तर सगळ्यांत आधी नमिताबाईच धावली. "पुन्हा उडव ना गं!"

मित्रांनो, आमची धूळ पुसत जा, पंखा काढूनच आम्हाला तपासत जा. आणि कोणाचं काही सुधारायला निघालात, तर आधी घरात एक हाक मारा. दोघांच्या मायेने मी उलटी फिरले होते.

मी आता विमानाच्या नाकावरच राहते; माझ्या जुन्या डब्यात पुन्हा बिस्किटं असतात.